पिकअप गाडीच्या हौद्यावर पांघरूण कोणतें घालावें?

पीक उभें असतांना त्याच्या रक्षणासाठीं आमचा शेतकरी रात्रीचा दिवस करितो. किडीवर औषध मारतो, रानडुकरें हांकतो, मळणीच्या वेळीं आभाळ भरून आलें तर घरच्या लहानथोरांसह धांवून रास झांकतो. परंतु तोच माल पोत्यांत भरून गाडींत चढला, कीं त्याची चिंता बहुधा संपते. पुढील चार-सहा तासांचा प्रवास गाडीवाल्याच्या स्वाधीन, आणि वरील पांघरूण म्हणजे गाडीवाल्याच्या बैठकीमागें कोंबलेली जी कांहीं फाटकी ताडपत्री असेल ती. वर्षभराच्या श्रमाचें मोल ज्या कापडाखालून बाजारांत जातें, त्या कापडाचा विचार कोणी करीत नाहीं, ही गोष्ट चमत्कारिक तर खरीच, पण तोट्याचीहि आहे. म्हणून या लेखांत पिकअप गाडीच्या हौद्यावरील पांघरुणाची निवड कशी करावी, याचा आपल्या जिल्ह्यापुरता विचार करण्याचें योजिलें आहे.

जिल्ह्याची परिस्थिति

बीड जिल्ह्याचे तालुके अकरा. बालाघाटाच्या रांगांनीं जिल्ह्याचे वरचा व खालचा असे स्वाभाविक भाग पडलेले. परळीस रेल्वे पूर्वीपासून होती, परंतु खुद्द बीड शहरास आगगाडी पोहोंचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. त्यामुळें आजवर येथील बहुतेक शेतमालाची ने-आण रस्त्यानेंच होत आली, आणि गांवाहून बाजारापर्यंतची वाहतूक पुढेंहि रस्त्यानेंच व्हावयाची. पूर्वीं हें काम बैलगाडी करीत असे. तिच्यावर तरट, घोंगडी किंवा बांबूचा तट्टा घातला म्हणजे काम भागे. कारण गाडीचा वेग माणसाच्या चालीहून फारसा अधिक नव्हता आणि वाऱ्याचा जोर पांघरुणावर पडत नसे. २००५ सालीं टाटा कंपनीची 'छोटा हत्ती' या नांवानें लोकप्रिय झालेली लहान गाडी निघाली. बोलेरो पिकअपसारख्या तिच्याहून मोठ्या गाड्याहि गांवोगांव झाल्या. आतां आष्टीचा कांदा सकाळीं अहिल्यानगरास, तर केजचा माल रात्रींतून सोलापुरास पोहोंचतो. वेग वाढला, पल्ला वाढला. पांघरूण मात्र बैलगाडीच्या काळांतील समजुतीनेंच घातलें जात आहे.

आपला जिल्हा अवर्षणाचा म्हणून प्रसिद्ध आहे. त्यामुळें "पाऊस आहे कोठें?" असें म्हणून पांघरुणाकडे दुर्लक्ष होतें. परंतु येथील पाऊस कमी असला तरी तो वेळेवर येईलच असा नेम नाहीं, आणि माल बाजारांत नेण्याच्या दिवसांतच तो नेमका गांठतो. सोयाबीनची मळणी व परतीचा पाऊस हीं दसऱ्याच्या सुमारास एकाच वेळीं येतात. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत मराठवाड्यांत झालेली गारपीट अद्याप कोणी विसरलेलें नाहीं, आणि २०२५ च्या सप्टेंबरांत याच जिल्ह्यांत नद्यांना पूर येऊन शेतें वाहून गेलेलीं सर्वांनीं पाहिलीं. सरासरीनें पाऊस कमी म्हणून पांघरूण नको, असें म्हणणें हें गांवांत चोरी क्वचित् होते म्हणून दाराला कडी नको, असें म्हणण्यासारखें आहे.

जोखीम किती, तें आधीं मोजावें

समजा एका गाडींत पंधरा क्विंटल सोयाबीन आहे. २०२५-२६ च्या हंगामाकरितां केंद्र सरकारनें ठरविलेला हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे गाडींतील मालाची किंमत सुमारें ऐंशीं हजार रुपये झाली. सरकारी खरेदींत सोयाबीनच्या ओलाव्याची नेहमींची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४-२५ च्या हंगामांत ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. परंतु तशी सवलत दर वर्षीं मिळेल या भरंवशावर राहतां येत नाहीं. घरून ११ टक्के ओलाव्याचा निघालेला माल वाटेंत भिजला, तर खरेदी केंद्रावरून तो परत येतो, किंवा खुल्या बाजारांत क्विंटलमागें शें-दोनशें रुपये कमी घेऊन द्यावा लागतो. दोनशेंच धरले तरी पंधरा क्विंटलांस तीन हजार रुपये झाले. हा एका खेपेचा तोटा. वाचकांनीं आपल्या नेहमींच्या दुकानांत चांगल्या ताडपत्रीचा भाव विचारावा आणि या आंकड्याशीं तो ताडून पाहावा. बाकीचा उपदेश करण्याची गरज राहणार नाहीं.

पाण्याचाहि हिशेब पाहण्यासारखा आहे. नऊ फूट लांब व साडेपांच फूट रुंद अशा हौद्याचें क्षेत्र सुमारें ४.६ चौरस मीटर भरतें. वळवाच्या एका सरींत ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर तेवढ्या हौद्यावर २३० लिटर पाणी पडतें. एवढें पाणी पोत्यांवर पडूं द्यावयाचें कीं बाहेर वाहून जाऊं द्यावयाचें, हें ठरविणारें साधन म्हणजे वरचें पांघरूण.

पांघरुणाचे प्रकार

ताडपत्री या शब्दांत ताडाचें नांव असलें तरी आजच्या ताडपत्रीचा ताडाच्या पानाशीं कांहीं संबंध नाहीं. पाश्चात्त्य खलाशी जाड कापडास डांबर चोपडून जहाजावरील मालावर घालीत. त्यावरून इंग्रजींत 'टारपॉलिन' हें नांव पडलें असें मानतात. आपल्या बाजारांत हल्लीं मुख्यतः चार जाती मिळतात.

पहिली, मेण किंवा तत्सम द्रव्य पाजलेलें सुती जाड कापड, ज्यास कॅनव्हास किंवा तिरपाल म्हणतात. हें वजनानें जड, परंतु बळकट असतें. त्यांतून थोडी हवा खेळते. उन्हानें एकाएकीं विरत नाहीं. फाटलें तर सुई-दोऱ्यानें शिवतां येतें. दोष असा, कीं ओलें राहिलें तर कुजतें, बुरशी धरते, आणि वरचेवर मेण पाजावें लागतें.

दुसरी, प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्या विणून दोन्ही अंगांनीं त्यावर पातळ थर चढविलेली ताडपत्री. निळी, पिवळी, काळी अशी जी सर्वत्र दिसते ती हीच. वजनानें हलकी, पाण्यास अभेद्य, किंमतीनें स्वस्त. परंतु ऊन हें तिचें वैरी. उन्हानें वरचा थर सुटतो, पट्ट्या उघड्या पडतात आणि त्यांचे धागे होऊन उडूं लागतात.

तिसरी, विणकाम नसलेली, प्लॅस्टिकचे पापुद्रे एकमेकांवर आडवे-तिरपे चिकटवून केलेली ताडपत्री. सिल्पोलिन हें तिच्यांतील एक परिचित नांव. ही हलकी असून एकदम टरकत नाहीं, आणि धागे सुटण्याचा दोष तिच्यांत नाहीं. मात्र टोंकदार वस्तूनें भोंक पडतें व दोराच्या घर्षणानें ती झिजते.

चौथी, नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या कापडावर जाड पी. व्ही. सी. चा लेप दिलेली. मोठ्या मालमोटारींवर ही दिसते. टिकाऊपणांत हिची बरोबरी इतर प्लॅस्टिक जाती करूं शकत नाहींत, पण ती जड व महाग असते. वर्षांतून चार खेपा करणाऱ्या शेतकऱ्यास तिची गरज नाहीं. भाड्यानें रोज गाडी चालविणारास मात्र ती परवडते.

याखेरीज कांहीं लोक चित्रांत पाहिलेलीं परदेशी पद्धतीचीं सपाट, कडक झांकणें हौद्यावर बसविण्याचा विचार करितात. अमेरिकेंत पिकअप गाडी अवजारें व सामान नेण्यास वापरतात आणि माल हौद्याच्या कांठाखालीं राहतो. तेथें तें झांकण शोभतें. आपल्याकडे कांदा असो कीं कापूस, माल फाळक्याच्या वर दोन-तीन फूट जातो. त्यावर सपाट झांकण बसणार कसें? पत्र्याची बंद पेटी बसविली तर पाणी येणार नाहीं हें खरें. परंतु गाडीचें वजन वाढून तितका माल कमी नेतां येतो आणि नाशवंत माल आंत उकडतो. शिवाय गाडीच्या मूळ बांधणींत कायमचा फेरफार करावयाचा तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें परिवहन कार्यालयाची संमति लागते, हेंहि ध्यानांत ठेवावें. शेतकऱ्यास सोयीचें पांघरूण म्हणजे काढतां-घालतां येणारी ताडपत्रीच होय. आणि तिला आधार म्हणून हौद्यावर तीन-चार लोखंडी कमानी असल्या तर अधिक उत्तम.

मालाप्रमाणें पांघरूण

एकच ताडपत्री सर्व मालांस चालेल, ही समजूत सोडून दिली पाहिजे. पांघरुणानें बाहेरचें पाणी आंत येऊं नये हें जितकें खरें, तितकेंच कांहीं मालांच्या बाबतींत आंतील वाफ बाहेर गेली पाहिजे हेंहि खरें.

_सोयाबीन, तूर, हरभरा, बाजरी, ज्वारी._—हें धान्य कोरडें असेल तर त्यास हवेची गरज नाहीं. त्यास पाण्यापासून पूर्ण रक्षण हवें. विणलेली किंवा पापुद्र्यांची प्लॅस्टिक ताडपत्री येथें योग्य. पोत्यांच्या खालींहि एक जुनी ताडपत्री अंथरावी. कारण हौद्याच्या पत्र्याच्या सांध्यांतून चाकांनीं उडविलेलें पाणी वर येतें आणि तळचा थर नकळत भिजतो. खालची ताडपत्री मात्र कांठाबाहेर लोंबती ठेवूं नये. नाहींतर वरून गळणारें पाणी तिच्यावर पडून तीच आंत पाणी नेते.

_कांदा._—कांदा हा जिवंत माल आहे. पोत्यांत किंवा राशींत असतांना तो श्वास घेतो, ऊब व ओल बाहेर टाकतो. त्यावर सर्व बाजूंनीं घट्ट प्लॅस्टिक आंवळलें तर आंतील वाफ ताडपत्रीच्या खालच्या अंगास थेंबांच्या रूपानें जमते आणि वरच्या थरावर पडते. पाऊस नसतांहि कांद्याचा पापुद्रा ओला होऊन काळा पडतो, तें याच कारणानें. म्हणून कांद्यासाठीं कमानींची योजना करावी. ताडपत्री कमानींवर ताणून मालापासून वीतभर उंच ठेवावी. पावसाची चिन्हें नसतील तेव्हां मागील बाजू अर्धी उघडी ठेवावी. केवळ उन्हाचें रक्षण हवें असेल तेव्हां हिरवी शेडनेट पुरे. बाजारांत पोहोंचून लिलावासाठीं रांगेंत थांबावें लागलें, तर पाऊस नसल्यास पांघरूण सोडून मालास वारा द्यावा. गाडी उभी राहिली म्हणजे आंतील ऊब बाहेर नेणारा वाराहि थांबतो, याचा पुष्कळांस विसर पडतो.

_कापूस._—कापसाच्या बाबतींत पांघरुणाची निवड चुकली तर तोटा केवळ पाण्याचा नसतो. विणलेली प्लॅस्टिक ताडपत्री जुनी झाली म्हणजे तिचे धागे सुटतात व कापसांत मिसळतात. सरकींतून रुई वेगळी करतांना हे धागे निघत नाहींत. सुतांत व कापडांत ते तसेच जातात, आणि कापड रंगवितांना त्या धाग्यांवर रंग चढत नसल्यामुळें ठिपके उमटतात. भारतीय कापसास बाहेरच्या बाजारांत अस्वच्छतेबद्दल जो बोल लागला, त्याचें हें एक मोठें कारण. तो दोष दूर करण्यासाठीं सरकारनें २००० सालीं कापूस तंत्रज्ञान मोहीम काढली होती. परंतु गिरणींत यंत्रें सुधारलीं तरी धागा शेतांतून व गाडींतूनच आला तर यंत्र काय करणार? म्हणून कापसावर सुती कॅनव्हास घालावें, हें सर्वांत उत्तम. तें न मिळेल तर पापुद्र्यांची, धागे न सुटणारी ताडपत्री घ्यावी. खताच्या प्लॅस्टिक गोण्या उसवून त्यांचें पांघरूण करण्याची चाल अगदीं टाकून द्यावी. कापूस फार ओला असूं नये हें तर आहेच. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदींत ८ टक्के ओलावा प्रमाण मानतात, त्याहून अधिक असल्यास भावांत कपात होते व १२ टक्क्यांवरील माल घेत नाहींत. आणखी एक गोष्ट: कापसाच्या गाडीवर बसून विडी ओढूं नये व कोणास ओढूं देऊं नये. वाऱ्यांत फुंकरलेली ठिणगी ताडपत्रीखालीं गेली तर गांव येईपर्यंत दिसत नाहीं.

_सीताफळ._—बालाघाटाच्या डोंगरांतील सीताफळ हें बीडचें भूषण असून त्यास भौगोलिक मानांकनहि मिळालेलें आहे. परंतु हें फळ तोडल्यानंतर थोड्याच दिवसांत पिकतें, आणि ऊब मिळाली तर त्याहूनहि लौकर. तें काळ्या किंवा निळ्या ताडपत्रीखालीं दुपारच्या उन्हांत नेणें म्हणजे गाडींतच अढी घालण्यासारखें आहे. सीताफळें क्रेटमध्यें भरावीं, गाडी संध्याकाळीं किंवा पहाटे काढावी, आणि वर पांढऱ्या अथवा रुपेरी बाजूची ताडपत्री रुपेरी बाजू आकाशाकडे करून घालावी, म्हणजे ऊन परतून जातें. क्रेट व ताडपत्री यांमध्यें हवेस वाट ठेवावी. मोसंबीसहि हाच नियम लागू आहे.

आकार व जाडी

ताडपत्री हौद्याच्या मापाची घेणें ही नेहमींची चूक आहे. माप हौद्याचें न घेतां भरलेल्या मालाचें घ्यावें. वरील नऊ फूट बाय साडेपांच फूट हौद्यांत माल फाळक्यावर अडीच फूट उंच भरला आहे असें समजूं. ताडपत्री प्रत्येक बाजूनें हे अडीच फूट उतरून फाळक्याच्या बाहेरून आणखी एक फूट खालीं आली पाहिजे. म्हणजे प्रत्येक बाजूस साडेतीन फूट. लांबी झाली नऊ अधिक सात, म्हणजे सोळा फूट. रुंदी झाली साडेपांच अधिक सात, म्हणजे साडेबारा फूट. बाजारांत बारा बाय अठराची ताडपत्री मिळते, पण ती रुंदीस अर्धा फूट कमी पडते. तेव्हां पंधरा बाय अठराची घ्यावी. ताडपत्रीचा कांठ फाळक्याच्या आंत राहिला, तर वरचें सर्व पाणी नीट वाट काढून हौद्यांतच उतरतें. अशी ताडपत्री घालण्यापेक्षां न घातलेली बरी, कारण निदान आपण भ्रमांत तरी राहत नाहीं.

जाडी दुकानदार 'जी. एस. एम.' या अक्षरांनीं सांगतात. त्याचा अर्थ इतकाच, कीं एक चौरस मीटर ताडपत्रीचें वजन इतके ग्रॅम. हा आंकडा छापील कागदावर विश्वास ठेवून मान्य करण्याचें कारण नाहीं; तराजूनें तो पडताळतां येतो. पंधरा बाय अठरा फुटांचें क्षेत्र सुमारें २५ चौरस मीटर. दोनशें जी. एस. एम. ची म्हणून दिलेली ताडपत्री पांच किलो भरली पाहिजे. ती साडेतीन किलोच भरली, तर तिची जाडी १४० ठरते. मग भाव त्या जाडीचा द्यावा. कडेचा दोर व रिंगा यांचें वजन यांत थोडें अधिक धरलें जातें, म्हणून भरलेलें वजन हिशेबाहून किंचित् जास्तच असावें, कमी नव्हे. गाडीवर वापरण्यास दोनशेंच्या खालची विणलेली ताडपत्री घेऊं नये. पातळ ताडपत्री राशीवर झांकण्यास चालते, वाऱ्याशीं झुंजण्यास चालत नाहीं. विणलेल्या प्लॅस्टिक ताडपत्रीसाठीं भारतीय मानक संस्थेचें आय. एस. ७९०३ व मेण पाजलेल्या सुती कापडासाठीं आय. एस. २०८९ हीं मानकें आहेत. तीं चिन्हें पाहून घ्यावीं आणि पक्की पावती मागावी.

दुकानांतच आणखी तीन परीक्षा कराव्या. ताडपत्री उन्हाकडे धरून पाहावी. टांचणीच्या टोंकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर ती टाकावी. कडेची घडी दुहेरी असून तिच्यांत दोर ओवलेला आहे काय, हें चांचपून पाहावें. आणि रिंग हातानें जोरानें ओढावी. वाऱ्यांत ताडपत्री फाटते ती बहुधा रिंगेपासूनच. रिंगा तीन फुटांहून दूर असूं नयेत.

बांधणी

उत्तम ताडपत्री वाईट बांधली तर ती वाईटच. गाडी ताशीं साठ किलोमीटर वेगानें जात असतां समोरच्या हवेचा दाब दर चौरस मीटरास सुमारें १७ किलो पडतो. ऐंशीं किलोमीटरला तो ३० किलोंवर जातो. वेग दुप्पट झाला कीं वाऱ्याचा जोर चौपट होतो, हा नियम. म्हणून ताडपत्रीची पुढची कड चालकाच्या खोलीमागें आधीं व सर्वांत घट्ट बांधावी. तेथें फट राहिली कीं वारा आंत शिरून सगळी ताडपत्री शिडासारखी फुगते. दोन ताडपत्र्या जोडावयाच्या असल्यास मागील ताडपत्री आधीं घालून पुढील तिच्यावर हातभर चढवावी, घराच्या कौलांप्रमाणें. म्हणजे वारा व पाणी सांध्यांत न शिरतां वरून निघून जातात.

माल मध्यें उंच व कडेस उतरता रचावा. मध्यें खोलगट जागा राहिली तर तेथें पाणी सांचतें. वरील हौद्याएवढ्या जागेंत एक इंच पाणी सांचलें तर त्याचें वजन सव्वाशें किलोंच्या जवळ जातें. त्या भारानें ताडपत्री ताणून भोंक पडतें व सगळें पाणी एकदम मालावर ओततें. दोर रिंगांतून ओवून हौद्याच्या आंकड्यांस बांधावा आणि वरून आडवे-तिरपे दोन फेरे द्यावे. जेथें दोर कोपऱ्यावर घासतो तेथें सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा. एवढ्या बिनपैशाच्या उपायानें ताडपत्रीचें आयुष्य पुष्कळ वाढतें. वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर गाडी थांबवून दोर पुन्हां आंवळावा, कारण माल हादऱ्यानें बसतो व दोर सैल होतो. मांजरसुंब्याच्या घाटासारख्या चढ-उताराच्या वाटेस लागण्यापूर्वीं तर हें अवश्य करावें.

मागचे दिवे, आरसे व गाडीचा क्रमांक ताडपत्रीनें झांकूं नये; दोराचीं टोंकें लोंबत ठेवूं नयेत. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवाचा प्रश्न आहे. माल हौद्याबाहेर किंवा ठरलेल्या उंचीवर गेल्यास १९८८ च्या कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें वीस हजार रुपये दंड आहे. वर ताडपत्री घातल्यानें बाहेर आलेला माल कायद्याच्या दृष्टीनें आंत येत नाहीं. आणि ताडपत्रीवर हमाल किंवा घरचीं माणसें बसवून नेण्याची जी चाल आहे ती बेकायदेशीर तर आहेच, पण घसरत्या प्लॅस्टिकवर धरावयास कांहीं नसतें हें अनेक कुटुंबांनीं प्राण देऊन शिकलें आहे.

भाड्याच्या गाडीचा प्रश्न

आमच्यांतील पुष्कळांची स्वतःची गाडी नसते. भाडें ठरवितांना डिझेल, टोल, हमाली यांची बोलणी होते. ताडपत्रीची होत नाहीं. मग माल भिजला म्हणजे मालक गाडीवाल्याकडे व गाडीवाला आभाळाकडे बोट दाखवितो. म्हणून भाडें ठरवितांनाच ताडपत्री कोणाची, ती भरण्यापूर्वीं कोण पाहणार आणि भिजल्यास नुकसान कोणाचें, हें चार माणसांसमक्ष बोलून घ्यावें. आमचें मत असें, कीं ताडपत्री शेतकऱ्यानें स्वतःची न्यावी. भाड्याच्या गाडीवरील ताडपत्रीखालीं काल काय होतें हें आपणांस ठाऊक नसतें. सिमेंट, कोंबडखत किंवा कीटकनाशकाचे गळके डबे ज्या कापडाखालून गेले, तेंच आज आपल्या धान्यावर व फळांवर यावें, हें खाणाराच्या दृष्टीनें भयंकर आहे. एकट्यास खर्च जड वाटल्यास चार शेजाऱ्यांनीं मिळून एक चांगली ताडपत्री घ्यावी, तिच्यावर रंगानें खूण करावी आणि कोणी केव्हां नेली याची वही ठेवावी. सरकारी योजनांतून वेळोवेळीं ताडपत्रीस अनुदान मिळतें. तें चालू आहे काय, याची चौकशी हंगामापूर्वीं जिल्हा परिषदेच्या कृषि विभागाकडे करावी, पाऊस आल्यावर नव्हे.

निगा

खेप करून आल्यावर ताडपत्री ओलीच गुंडाळून कोपऱ्यांत टाकूं नये. दोरीवर टाकून सांवलींत वाळवावी, झटकावी, मग सैल घडी करून उंदीर पोहोंचणार नाहींत अशा उंच जागीं ठेवावी. सुती कॅनव्हासास हा नियम सर्वांत अधिक लागू. खताचे डाग, विशेषतः युरियाचे, त्याच दिवशीं साध्या पाण्यानें धुवावे; रिंगा त्यानें गंजतात. लहान भोंक दिसतांच दोन्ही अंगांनीं ठिगळ लावावें. आजचें बोटभर भोंक पुढच्या खेपेंत हातभर होतें.

जी ताडपत्री गाडीच्या कामांतून गेली, तिचाहि विचार शेवटीं केला पाहिजे. दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें ऊसतोडीस जातात, आणि कारखान्यांच्या फडांवर त्यांच्या कोप्यांवर जें छप्पर असतें तें पुष्कळदां असल्याच उरल्यासुरल्या ताडपत्रीचें. पोत्यावरून पाणी गळलें तर क्विंटलमागें दोनशें रुपये जातात. कोपीवरून गळलें तर आंत तान्हें मूल असतें. तेव्हां जुनी ताडपत्री ठिगळ लावून धड केल्यावरच कोणास द्यावी, आणि जी अगदीं चाळण झाली असेल ती देऊन पुण्याचा हिशेब मांडूं नये.

एकंदरींत सारांश असा. धान्यास अभेद्य, कांद्यास वाफ सोडणारें, कापसास धागा न सुटणारें आणि फळांस ऊन परतविणारें पांघरूण निवडावें. माप मालाचें घ्यावें, जाडी तराजूवर पारखावी, पुढची कड आधीं बांधावी. यांत एकहि गोष्ट शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची नाहीं. पाऊस केव्हां यावा हें आपल्या हातीं नाहीं. परंतु तो आला असतां आपला माल कोणत्या पांघरुणाखालीं असावा, हें मात्र सर्वस्वीं आपल्याच हातीं आहे.